बोल्टात खोबरेल

शेजाऱ्यांच्या सासऱ्यांनी माझ्या रायफलच्या बोल्टात, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यात, खोबरेल घातलं. विचारलं वगैरे काही नाही. मी कोरडी फडकी घ्यायला मागे वळलो, तेवढ्यात. रायफल रिकामी, व्हाइसमध्ये घट्ट. बोल्ट काढून टेबलावर. गोळ्या वरच्या मजल्यावर कुलपात. बंदोबस्त चोख होता, काकांसाठी मात्र कुठलंच कुलूप मिळत नाही. वळून बघतो तर हाताला उरलेलं तेल डोक्याला पुसत उभे. "बघ आता, लोण्यासारखं सरकेल!"

ही बाटली ते जाकिटाच्या आतल्या खिशात बाळगतात, कारण इथल्या थंडीत ती गोठते. म्हणजे खोबरेल गोठतं हे या माणसाला ठाऊक आहे. तरीही.

इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, हरणांचा रायफल सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि त्या पहाटे पारा शून्याखाली असला तर कुणाला नवल वाटत नाही. खोबरेल २४-२५ अंशांखालीच थिजायला लागतं. बोल्टाच्या पोटात फायरिंग पिन असते, तिच्याभोवती स्प्रिंग. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते आणि पिन गोळीच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरवर आपटते. मध्ये थिजलेलं काही असलं तरी पिन जाते, पण मार हलका बसतो. प्रायमरवर उथळ खळगा, टक् असा आवाज, आणि हरीण मान वळवून तुमच्याकडे बघतं. बदनाम खोबरेल झालं, पण जाड गन ऑइल, नव्या रायफलला कारखान्यातून लागून आलेलं ग्रीस, दोन-तीन वर्षं साचून चिकट झालेलं जुनं तेल, सगळ्यांचा गुण हाच. आणि टक् झालं म्हणून लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबायचं. क्वचित बार उशिरा उडतो.

तर आता बोल्ट सोडवणं आलं. मागचं टोपण, म्हणजे श्राउड, फिरवून पिन आणि स्प्रिंग बाहेर, सगळं मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून ब्रशने घासायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पातळ सिंथेटिक तेलाचा एक थेंब लावायचा आणि तोही जवळजवळ पुसून काढायचा. ग्रीस फक्त लॉकिंग लगांच्या, म्हणजे बोल्ट अडकवणाऱ्या दातांच्या, मागच्या बाजूला, मोहरीएवढं. एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या, खाली पितळेचा कीस अडकलेला असतो, तो टाचणीने काढायचा. नाहीतर ती पुंगळी चेंबरमध्येच, गोळी बसते त्या जागी, रुतून बसते. ट्रिगरमध्ये तेल अजिबात सोडायचं नाही. या शेवटच्या वाक्यावर काकांनी बाटली खिशात परत ठेवली, पण नाराजीने.

काका साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त. बंदुकीबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान गावातल्या एका ठासणीच्या बंदुकीवर उभं आहे. ती त्यांनी लहानपणी पाहिली होती. चालवली नव्हती. पाहिली होती.

"नळी साफ करायचा गज मागून का घालतोयस?"

"मागूनच घालायचा असतो, काका."

"आमच्याकडे पुढून घालत."

"तुमच्याकडची मागून बंद होती."

"मग मजबूत होती म्हण की!"

यावर काय बोलणार? खरं कारण असं, की नळीच्या तोंडाची कड, जिला क्राउन म्हणतात, गोळीला शेवटचा स्पर्श करते. पुढून गज घातला की तो तिथेच घासत राहतो, कड एका बाजूने झिजते आणि गोळी तिरकी सुटते. म्हणून बोल्टच्या जागी बोअर गाइड, म्हणजे गज सरळ ठेवणारं नळकांडं, बसवायचा आणि एकसंध गज मागून घालायचा. तीन तुकड्यांचा स्क्रूचा गज सांध्यांवर वाकतो. आधी सॉल्व्हंटची चिंधी, मग ब्रॉन्झचा ब्रश दहाएक वेळा आरपार, मग काळं येणं थांबेपर्यंत चिंध्या. त्यानंतर तांबं काढणारं सॉल्व्हंट, नायलॉनच्या ब्रशने. ब्रॉन्झच्या ब्रशमध्ये स्वतःचंच तांबं असतं, त्यामुळे चिंधी उगाच निळी होत राहते आणि माणूस तासभर स्वतःचा ब्रशच विरघळवत बसतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून चिंधी घातली, ती निळीहिरवी निघाली.

"अरे, रंग जातोय नळीचा!"

"गोळीच्या कवचाचं तांबं आहे ते. नळीत बसलेलं."

"तांब्याचं पाणी सकाळी अनशापोटी प्यावं. प्रकृतीला उत्तम."

मी खिडकी उघडली. त्या सॉल्व्हंटला अमोनियाचा वास येतो, मी खिडकी उघडली ती त्यासाठी. काकांनी ते मनाला लावून घेतलं.

खंडेनवमीला शस्त्रपूजा केली नाही याचा ठपकाही माझ्यावर आहेच. पूजेला माझी ना नाही, पण ओलं गंध निळ्या पोलादावर तसंच राहिलं तर खाली गंज धरतो आणि हळदकुंकवाची पूड सेफ्टीच्या फटीत जाते. फूल वाहा, नमस्कार करा, पुसून ठेवा. एवढं बोललो तर "तुम्ही इकडे येऊन बदललात" हे ऐकावं लागलं. मग विषय बँकेत गेला. एका हरणाचं मटण किती? पोट साफ केलेलं हरीण १२० पौंडांचं असेल तर हाडाशिवाय साधारण ५० पौंड. लायसन्स सुमारे २१ डॉलर, २० गोळ्यांचा खोका तीस-चाळीस डॉलर. काकांनी खोक्याच्या पाठीवरच भागाकार केला आणि खूश झाले. मग विचारलं, दुर्बीण कितीला पडली? मी सांगितलं. त्यांनी पेन बंद केलं.

त्या दुर्बिणीचीच खरी मेख असते. नेम चुकला की लोक नळीला दोष देतात, ढिला असतो स्क्रू. दुर्बिणीच्या बेसचे, म्हणजे खालच्या पट्टीचे, स्क्रू १५ ते २० इंच-पौंड जोराने आवळायचे, तिला धरणाऱ्या रिंगांचे १५ ते १८. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. बेसच्या आट्यांना निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू ढिला न होऊ देणाऱ्या डिंकाचा, थेंब, रिंगांना नाही. दस्ता लाकडी असेल तर त्याचे मोठे स्क्रू ३५-४० इंच-पौंड, आधी पुढचा. मग डॉलरची नोट नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून बघायची. उन्हाळ्यात लाकूड फुगतं, नळीला एका बाजूने रेटतं, आणि गेल्या वर्षीचा झिरो, म्हणजे दुर्बिणीचा जुळवलेला नेम, गेल्या वर्षीच राहतो. नोट अडली तर तिथे घासायला हवं.

साफ नळीची पहिली गोळी भलतीकडे जाते, म्हणून रेंजवर कोरडी चिंधी फिरवून आधी दोन-तीन गोळ्या वाया घालवायच्या. मग २५ यार्डांवर गोळी निशाणाच्या कागदावर आणायची, मग १०० यार्डांवर तीन-तीनचे गट, मध्ये नळी गार होऊ देत. दुर्बिणीची चकती फिरवताना एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. २५ यार्डांवर तेवढ्याच सरकण्याला चौपट क्लिक लागतात, आणि नेमकं इथेच निम्मे लोक गोंधळतात. ज्या गोळीने शिकार करायची तीच कंपनी, तेच वजन. एकदा झिरो झाल्यावर सीझन संपेपर्यंत नळी साफ करायची नाही.

पण सीझनआधीच्या शेवटच्या रविवारी रेंजवर जाऊन बघा. बॉक्समधून नुकती काढलेली दुर्बीण, दुकानातल्या लेझरने 'सेट केलेली', कुठल्या तरी तीन गोळ्या, एक कागदाच्या कोपऱ्यात, दोन बेपत्ता, आणि वर "हरीण कागदापेक्षा मोठं असतं." असतंच. म्हणून तर ते पायात गोळी घेऊन दुसऱ्याच्या रानात जाऊन मरतं, आणि हे साहेब चुकली म्हणून घरी जेवायला जातात. अशांना बोलायला गेलं की आपणच शिष्ट ठरतो. त्यापेक्षा काका परवडले. त्यांच्या तेलाने निदान गोळी सुटली तरी नसती.

रविवारी काकांनाही रेंजवर यायचंय. कानात कापूस घालतो म्हणाले. रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर असतो, त्याला कापूस काय करणार? आत प्लग आणि वर मफ, दोन्ही लागतात. दोन्ही आणून दिले. पण मफ मफलरवरून नीट बसत नाहीत आणि मफलर काढायला काका तयार नाहीत.