फोलपटांनी भरलेली वाटी

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाकडे बजींची, म्हणजे छोट्या पाळीव पोपटांची, जोडी होती. त्यातला नर गेल्या आठवड्यात गेला. त्या मुलाची आई म्हणाली, "काल संध्याकाळपर्यंत छान होता हो, एकाएकीच गेला." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. पक्षी सहसा एकाएकी जात नाही. बहुतेक वेळा तो कितीतरी दिवस आजारी असतो, फक्त आपल्याला कळत नाही.

दुकानात लव्हबर्ड म्हणून जे देतात ते बहुतेकदा हे बजीच असतात, मूळचे ऑस्ट्रेलियातले. थव्याने राहणारा जीव. थव्यात जो मलूल दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते, म्हणून दुखणं लपवणं याच्या रक्तातच आहे. भरदिवसा पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेला दिसला की समजावं, आता लपवायचंही त्राण उरलेलं नाही. आणि आपण म्हणतो, थंडी वाजत असेल.

मीही हेच म्हटलं होतं. चिंगी, माझी पहिली बजी, दोन दिवस अशीच फुगून बसली होती. वाटी भरलेली दिसायची, त्यामुळे मी निश्चिंत. तिसऱ्या दिवशी वाटीवर सहज फुंकर मारली आणि सगळं उडून गेलं. वर नुसती फोलपटं, तळाला राळ्याचे चारपाच दाणे. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि साल तिथेच टाकतात. मला त्या सालांमुळे वाटी भरलेली दिसत होती म्हणून मी नवीन दाणे घालत नव्हते. डॉक्टरांनी तिला हातात घेतलं, माझं बोट तिच्या छातीवर ठेवलं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं. वजन २४ ग्रॅम. धडधाकट बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमची असते. चिंगी त्या रात्री गेली.

तेव्हापासून घरात ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा काटा आहे. त्यावर छोटा डबा ठेवायचा, सकाळी खाण्याआधी पक्ष्याला त्यात बसवायचं, आकडा वहीत लिहायचा. तीन-चार ग्रॅम म्हणजे किरकोळ वाटतं, पण ३६ ग्रॅमच्या जीवाचा तो दहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरले तर आपण थांबू का?

पिंजऱ्याच्या तळाला वाळू नको, साधा कागद घाला आणि रोज बदलताना विष्ठा बघा. हिरवट वळी, पांढरा भाग, थोडं पाणी. यातलं काही बिघडलं तर कागदावर लगेच दिसतं. नुसत्या राळ्या-बाजरीवर ठेवू नका, त्याने चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. कोथिंबीर, पालक, किसलेलं गाजर द्या. आधी तोंड लावणार नाही, काही आठवडेसुद्धा जातील. आमच्याकडे ओली कोथिंबिरीची जुडी टांगली, तर पहिल्यांदा तिच्यात अंघोळ झाली, मग चोच लागली. ॲव्होकाडो, चॉकलेट, कांदा अजिबात नको. नॉनस्टिक तवा कोरडा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नका.

(आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. हे सगळं त्याच्यासाठी लिहीत नाहीये.)

मला खरा राग येतो तो एका वाक्याचा. "तीनशेचा पक्षी, त्याच्यावर डॉक्टरचे हजार कशाला? तेवढ्यात नवी जोडी येईल." पक्ष्याचा दर दुकानदाराने ठरवलाय, त्याच्या दुखण्याचा नाही. पक्ष्यांचं कळणारे डॉक्टर कमी आहेत, म्हणून पक्षी धडधाकट असतानाच शोधून नंबर जपून ठेवा. दुकानातली औषधाची पूड पाण्यात घालू नका. आजारी पक्षी मुळात पाणी कमी पितो, औषध किती गेलं कोणाला कळणार? डॉक्टरकडे नेईपर्यंत पिंजऱ्याच्या एका बाजूला बल्बची ऊब द्या, दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे गरम झालं तर सरकता येईल.

त्या मुलाला काल माझा जुना काटा नेऊन दिला. त्याची मादी उरली आहे, तिला डॉक्टरांकडेही नेऊन आणली. सकाळी त्याने वहीचं पान दाखवलं. तारखेपुढे लिहिलं होतं, ३३ ग्रॅम.