सुविचारांवर रागावलेल्या वाचकास

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण मग मुद्दाम दोन दिवस थांबलो. मागच्या लेखात मी 'आवडीचं काम निवडा, म्हणजे आयुष्यात एकही दिवस काम करावं लागणार नाही' हे वाक्य प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या नावावर दिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की एक तर हे वाक्य त्याचं नाही. दुसरं, ते कोणाचंही असलं तरी ज्याला काम निवडायची सोयच नाही त्याला ते ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. आणि तिसरं, सुविचार गोळा करणारा माणूस हळूहळू पुस्तकं वाचायचं सोडून देतो. शेवटी तुम्ही विचारलंत, "भिंतीवर टांगण्यापलीकडे या वाक्यांचा उपयोग काय?"

पहिला मुद्दा पूर्णपणे मान्य. कन्फ्यूशियसची वचनं त्याच्या शिष्यपरंपरेनं ज्या संग्रहात जपली, त्यात हे वाक्य नाही. चूक माझी आहे आणि मूळ लेखात ती दुरुस्त केली आहे. पण ते वाक्य शोधताना त्याच संग्रहाच्या सहाव्या प्रकरणात दुसरंच काही हाती लागलं. त्याचा आशय असा: जाणणाऱ्यापेक्षा आवड असणारा वरचढ, आणि आवड असणाऱ्यापेक्षा त्यात रमणारा वरचढ. खोटं वाक्य कष्टांतून सुटका देऊ करतं. खरं वाक्य काहीच देऊ करत नाही, ते फक्त पायऱ्या दाखवतं. आणि पहिली पायरी आवडीची नाही, जाणण्याची आहे!

हे वाचून मला माझी सुरुवात आठवली. मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधणारा. प्रुफं वाचायचं काम मी आवडीनं निवडलं नव्हतं, ते मिळालं म्हणून धरलं. पहिले कित्येक महिने कंटाळ्याचे गेले. मग हळूहळू कळायला लागलं, की डोळा छापलेला शब्द वाचतच नाही, त्याला जो अपेक्षित असतो तो वाचतो. म्हणून अवघड मजकूर शेवटच्या ओळीपासून उलटा वाचायचा, म्हणजे अर्थ आपल्याला ओढून नेत नाही. एक वेलांटी इकडची तिकडे झाली, की 'दिन'चा 'दीन' होतो, दिवसाचा गरीब होतो. 'शिर' आणि 'शीर' यांत डोक्यापासून रक्तवाहिनीपर्यंतचं अंतर आहे. हे कळत गेलं तसतशी गोडी लागली. आज चारशे पानांचा गठ्ठा समोर आला की हात शिवशिवतात. ही गोडी आधी शोधत बसलो असतो तर कधीच सापडली नसती, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या मुद्द्यावर मी अर्धा तुमच्या बाजूचा आहे. "आवडीचं काम आहे ना तुमचं, मग पैशांचं काय एवढं?" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, ठरलेलं बिल मागायला गेलो तेव्हा. सुविचाराचा याहून वाईट वापर मला माहीत नाही. माझी आवड माझी आहे, ती मजुरीतून वजा करायचा हक्क कोणाला नाही. पण तुम्ही पुढे म्हणता, की कामावर प्रेम करणं फक्त कलावंतांना आणि शास्त्रज्ञांनाच परवडतं. इथे मी थांबतो. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६ नोकरदारांना विचारलं होतं, की तुमचं काम तुमच्यासाठी काय आहे: पोटासाठीची नोकरी, वर चढायची शिडी, की आयुष्याचं व्रत? त्यांतल्या २४ जणी-जण एकाच प्रकारचं काम करणारे कार्यालयीन साहाय्यक होते. त्यांच्यातही तिन्ही उत्तरं जवळपास सारखीच विभागली गेली. म्हणजे प्रेम हुद्द्यावर ठरत नाही. एवढ्यानं कमी पगाराचा प्रश्न सुटत नाही, हेही तितकंच खरं.

आता तिसरा मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सुविचार वाचनाचा शत्रू आहे असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, कापलेला सुविचार शत्रू आहे. 'आयुष्य थोडं, कला मोठी' हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावानं आलेलं वचन घ्या. आपण ते उसासा टाकून म्हणतो. पण मूळ वचन तिथे संपत नाही. संधी निसटती, अनुभव फसवा, निर्णय अवघड, असं ते पुढे जातं. मग सांगतं, की वैद्यानं स्वतः योग्य ते करून भागत नाही, रोगी आणि शुश्रूषा करणारे यांचीही साथ मिळवावी लागते. 'कला' म्हणजे तिथे वैद्याचा हुन्नर. ते वाक्य कामावर उभ्या असलेल्या माणसासाठी होतं. आपण त्याचं शेपूट कापलं आणि त्याला कवितेत नेऊन बसवलं.

म्हणींचंही तसंच. 'शुभस्य शीघ्रम्' म्हणणारे आपणच आणि 'अति घाई संकटात नेई' म्हणणारेही आपणच. लोक याला विसंगती म्हणतात. मला ती दोन वेगवेगळ्या दिवशीची शहाणपणं वाटतात. ग्रीक आणि लॅटिन भाषांत मात्र दोन्ही दिवस दोन शब्दांत बसवले होते: 'सावकाश घाई कर'. रोमन सम्राट ऑगस्टसचं हे आवडतं वचन. पुढे व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस यानं जहाजाच्या नांगराला वेढा घातलेला डॉल्फिन आपल्या छापखान्याची खूण म्हणून घेतला. डॉल्फिन वेगाचा, नांगर थांबण्याचा.

याच आल्डसकडे १५०८ साली डच विद्वान इरॅस्मसचा म्हणींचा मोठा संग्रह छापला गेला. १५०० साली पॅरिसमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीत आठशेच्या आसपास म्हणी होत्या, इथे त्या तीन हजारांवर गेल्या आणि १५३६ साली इरॅस्मस वारला तोवर चार हजारांवर. इतक्या म्हणी त्यानं ऐकून जमवल्या नाहीत, जुनी पुस्तकं उपसून काढल्या. एकेका म्हणीखाली ती कुठे आली, कोणी कशी वापरली, हे लिहिलं. वाचन सोडून सुविचार जमवता येतात हे मान्य, पण हा माणूस वाचनामुळेच ते जमवत होता. आणि हे चाललं होतं छापखान्यात बसून. इकडे तो लिहितोय, तिकडे जुळारी छपाईचे खिळे जुळवतायत.

तिथला एक प्रसंग इरॅस्मसनंच सांगितला आहे आणि तो मला जिवापाड प्रिय आहे. प्रुफं तपासायला पगारी माणूस होता, शेवटचं प्रुफ स्वतः इरॅस्मस बघायचा. तरी त्याच्यानंतर आल्डस ती पुन्हा वाचायचा. मालकानं एवढा त्रास कशाला घ्यावा, असं इरॅस्मसनं विचारलं. आल्डस म्हणाला, "शिकतोय."

आणि तुमच्या भिंतीचं म्हणाल, तर आल्डसनं दारावर पाटी लावली होती. जो कोणी असशील, काम थोडक्यात सांग आणि निघ. ग्रीक पुराणकथेत आकाश पेलणाऱ्या ॲटलसचा भार घ्यायला हर्क्युलिस आला तसा खांदा द्यायला आला असशील तर मात्र थांब, अशा अर्थाची. ती पाटी मी माझ्या टेबलासमोर लावणार आहे, पूर्ण, एकही शब्द न गाळता.

माझी वचनांची वही आहे. तुमच्या प्रतिक्रियेनंतर तिच्यातल्या नोंदी एकेक करून तपासतोय. वचन कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर भेटलं, ते शेजारी लिहितोय. चाळीस झाल्या, बऱ्याच बाकी आहेत. कन्फ्यूशियसची नोंद खोडली नाही. तिच्यावर 'त्याचं नव्हे' असं लिहून तारीख घातली आणि खाली त्या तीन पायऱ्या उतरवून घेतल्या.