पहिला म्हणजे चौथा

यंदा मे महिन्यात मुंबईहून आलेल्या माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्याने, पायातल्या चपलाही न काढता, पडवीतूनच "काका, या वेळी स्टार वॉर्स पहिल्यापासून बघायचे," असे जाहीर केले आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी टाळत आलेला प्रसंग अखेर वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी चालत आला. पहिल्यापासून म्हणजे कुठून, हा प्रश्न त्याच्या वयाला पडत नाही. माझ्या वयाला तो पडतो, कारण अंतराळातल्या युद्धांच्या या अमेरिकी चित्रपटमालिकेत १९७७ साली आलेला पहिला चित्रपट हा चौथा आहे, १९८० आणि १९८३ सालचे अनुक्रमे पाचवा आणि सहावा आहेत, आणि पहिला, दुसरा व तिसरा हे मात्र १९९९, २००२ आणि २००५ साली आलेले आहेत.

हे सारे मी माजघरात फणसाच्या आठळ्या सोलत बसलेल्या आईला समजावून सांगितले, तेव्हा तिने हातातली आठळी सुपात ठेवली.

"पयलो तो चवथो कसो?"

"आधीचे तीन नंतर काढले, पण त्यांतली गोष्ट आधीची आहे."

"म्हणजे लगीन झाल्यार बारसा," असे म्हणून तिने पुढची आठळी उचलली. वास्तविक १९७७ साली त्या चित्रपटावर कोणताच आकडा नव्हता आणि चौथा हा आकडा त्याला १९८१ साली पुन्हा प्रदर्शित करताना चिकटवण्यात आला, परंतु हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

मी स्वतः हे चित्रपट पाहिले ते १९८६ सालच्या चतुर्थीला. मुंबईच्या मामाने तीन कॅसेट आणल्या होत्या आणि जागरणासाठी रंगीत टीव्ही व व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणून ओटीवर मांडला होता. भजन आटोपले, उसळ-पाव झाला आणि इंग्रजीचा एक शब्दही न कळणाऱ्या तीस-पस्तीस माणसांसमोर, दमेकऱ्यासारखा श्वास घेणारा, काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर धुरातून आत आला. समोर बसलेली मुले आपोआप मागे सरकली आणि मागच्या बायकांच्या मांडीवर जाऊन थांबली. मी अकरा वर्षांचा होतो आणि त्यानंतर आठवडाभर रात्री परसाकडे जाताना वडिलांना सोबत न्यावे लागले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या चित्रपटात ओबी-वान या म्हाताऱ्या योद्ध्याशी बोलताना क्लोन युद्धांचा ओझरता उल्लेख येतो आणि गोष्ट पुढे निघून जाते. मामाने भाषांतर करून सांगितलेल्या त्या एका उल्लेखावर मी आणि माझ्या धाकट्या भावाने पोफळीच्या बागेत, झावळीच्या दांड्यांच्या तलवारी करून, लागोपाठ तीन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या युद्ध केले. भावाला नेहमी क्लोन व्हावे लागे, कारण क्लोन पुष्कळ लागतात आणि तो एकटाच होता. सांगायचे ते एवढेच की १९८३ पासून १९९९ पर्यंतच्या सोळा वर्षांत या चित्रपटांचे कर्ते जॉर्ज लुकास यांनी पूर्वकथा पडद्यावर आणली नसली तरी माझ्याकडे ती तयार होती आणि ती फार चांगली होती.

म्हणूनच त्यांची पूर्वकथा मुंबईत लागल्याचे कळताच मी कुडाळला गाडीत बसलो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागून तेव्हा फार काळ लोटला नव्हता आणि चित्रपटासाठी रात्रभर रेल्वेने जाऊन येण्यात एक प्रकारची ऐट होती. मी नुकताच एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो, घरपट्टीच्या तक्रारींनी महिन्याभरातच जेरीस आलो होतो आणि त्यांतून सुटका म्हणून चार दिवसांची रजा काढली होती. अंधार झाला, तुताऱ्या वाजल्या, पिवळी अक्षरे आकाशात वर सरकू लागली आणि त्यांवरून मला कळले की दूरच्या ग्रहांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांवरील कराचा वाद पेटला आहे.

त्यानंतर पडद्यावर व्हेडर आला. तो नऊ वर्षांचा होता, त्याचे नाव अनाकिन होते आणि आनंद झाला की तो चीत्कारत असे. आमच्या शाळेत असे एक मुख्याध्यापक होते की त्यांच्या वहाणांचा आवाज व्हरांड्यात आला की अख्खी शाळा पाढे म्हणू लागे. पुढे एका लग्नात त्यांची म्हातारी आत्या माझ्या शेजारी पंगतीला बसली आणि मुख्याध्यापक आठ वर्षांचे होईपर्यंत अंथरूण कसे ओले करीत, हे तिने मठ्ठ्याच्या घोटागणिक मला प्रेमाने सांगितले. माहिती खरी असेल, परंतु ती मी मागितली नव्हती. १९९९ सालचा चित्रपट पाहताना मला त्या पंगतीत बसल्यासारखे वाटत होते.

एवढ्यावर भागले असते तरी मी मोठ्या मनाने क्षमा केली असती, पण पुढे जेडाय नावाच्या योद्ध्यांनी, गुलामीतल्या आईला मागे ठेवून त्या मुलाला सोबत नेण्याआधी, त्याचे रक्त तपासले. ज्या दैवी शक्तीपुढे आम्ही ओटीवर हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते, ती रक्तातल्या मिडिक्लोरियन नामक सूक्ष्म जीवांवरून मोजता येते आणि या मुलात त्यांची संख्या वीस हजारांच्या वर आहे, असे निष्पन्न झाले. आमच्या देवळात दसऱ्याला तरंग निघतात, कुणाच्या अंगात अवसर येतो, गावकरी त्याला विचारायचे ते विचारतात, परंतु अवसर ओसरल्यावर त्या माणसाला प्रयोगशाळेत नेऊन रक्त काढण्याची कल्पना आजवर कुणाला सुचलेली नाही. आमच्याकडे रक्तातल्या पेशी मोजतात त्या पावसाळ्यात, ताप उतरेनासा झाला म्हणजे, आणि त्या वीस हजार भरल्या तर घरात रडारड होते.

शेवट ठाऊक असलेली गोष्ट कशाला पाहायची, असे काही लोक म्हणतात. ही तक्रार मला मान्य नाही. दशावतार पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला शेवट ठाऊक असण्याची अडचण वाटत नाही. कीचक मरणार हे माहीत असूनच आम्ही जत्रेत पहाटेपर्यंत थंडीत बसतो. उलट, मुख्य आख्यानाआधी काहीतरी असावे लागते, हेही आम्हाला मान्य आहे. त्याला आडदशावतार म्हणतात आणि त्यात काळ्या वेषातला संकासूर येऊन मालवणीत भटजींची फिरकी घेतो. जार जार बिंक्स या लांब कानांच्या, धडपडणाऱ्या प्राण्यावर जगभरच्या चाहत्यांनी दात-ओठ खाल्ले, परंतु मला तो पाहताक्षणी ओळखीचा वाटला. फरक इतकाच की संकासूर वेद पळवतो आणि आख्यान सुरू होण्याआधीच विष्णू त्याचे पारिपत्य करतो. याउलट जार जार दुसऱ्या भागात थेट संसदेत उभा राहून पुढे सम्राट होणाऱ्या खलनायकाला आणीबाणीचे अधिकार देण्याचा ठराव मांडतो आणि त्याला कुणी हातही लावत नाही.

तरीही पुढचे दोन भाग मी पाहिले, आणि एकेकदा पाहून थांबलो नाही. पहिल्या भागातल्या अखेरच्या तलवारयुद्धाचे संगीत जॉन विल्यम्स यांनी असे बांधले आहे की ते ऐकताना आजही माझ्या हातातला चहा निवतो. त्यातला समूहस्वर संस्कृतात आहे. एका प्राचीन वेल्श काव्याच्या ओळी संस्कृतात नेऊन त्यांतले शब्द नादाच्या सोयीने मांडलेले आहेत. मी ते एकदा आमच्या भटजींना मोबाईलवर ऐकवले. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि "आवाज खणखणीत आहेत, पण क्रियापद कुठे आहे?" एवढेच विचारले.

दुसऱ्या भागात तरुण अनाकिन आपल्या प्रेयसीला सांगतो की त्याला वाळू आवडत नाही, ती खरखरीत असते आणि सगळीकडे जाऊन बसते. प्रेमप्रसंगातले हे वाक्य हास्यास्पद म्हणून जगभर गाजले आणि मीही त्याला हसणाऱ्यांतला होतो, लग्न होऊन दोन वर्षे झाली तोपर्यंत. आमचे घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. वाळू चादरीच्या घडीत असते, न्हाणीघराच्या मोरीत असते, शाळेच्या चड्डीच्या खिशात असते, आणि पाहुणे आले की तांदळाच्या डब्याशेजारीही असते. सौभाग्यवतींनी तो प्रसंग उंबऱ्यात केरसुणी घेऊन उभ्या उभ्या पाहिला आणि "इतक्या तलवारी फिरवल्या, पण शहाण्यासारखे हे एकच वाक्य बोलला," असे म्हणून त्या पुन्हा ओटी झाडू लागल्या. तेव्हापासून ते वाक्य मला हास्यास्पद वाटत नाही आणि वाटले तरी मी हसत नाही.

तर यंदा पुतण्याच्या इच्छेनुसार आम्ही एकपासून सुरुवात केली. व्हेडर कुणाचा बाप, हे १९८० सालचे गुपित आता दोन दिवसांत वाया जाणार, या विचाराने मी हळहळत होतो, तोच ते गुपित पुतण्याच्या पाण्याच्या बाटलीवर चित्रासह छापलेले आढळले. कराचा वाद त्याने पापडाच्या आवाजात ऐकूनच घेतला नाही. रथांसारख्या यानांची शर्यत मात्र त्याने तीनदा मागे नेऊन पाहिली. आई कोपऱ्यात पाठ करून आठळ्या सोलत होती.

तिसऱ्या संध्याकाळी लाव्हारसाच्या काठावर गुरू-शिष्य लढले, जळत्या अनाकिनकडे पाहत ओबी-वान ओरडला, आणि वळवाच्या पहिल्या गडगडाटाबरोबर वीज गेली. अंधारात पुतण्या काहीच बोलला नाही. तो सरकत येऊन माझ्या मांडीला टेकला, तेवढे मला कळले.

चौथ्या संध्याकाळी चौथा, म्हणजे माझा पहिला. मी मुद्दाम दिवे मालवले. दार फुटले, धूर झाला, काळा मुखवटा आत आला, तोच श्वास सुरू झाला आणि मी तिरप्या नजरेने पुतण्याकडे पाहू लागलो. तो मागे सरकला नाही. हनुवटी गुडघ्यावर टेकवून तो बराच वेळ पाहत राहिला.

"काका, त्याला आत किती उकडत असेल ना?"

मी काही उत्तर देण्याआधीच कोपऱ्यातून, पाठ न वळवता, आई बोलली.

"ता ऱ्हवांदे. इतके शाणे ते जेडाय, पोराक घेऊन गेले, आणि तेच्या आवशीक सोडवून हाडूक धा वर्सांत एकाक सवड गावली नाय?"

या चित्रपटांविषयीच्या यच्चयावत शंकांची उत्तरे मी गेली पंचवीस वर्षे पाठ करून ठेवलेली आहेत. मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.