निकाल लागल्यावर शहाणं कसं दिसावं

लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवार पडतो, पक्ष आपटतो, कधी सरकारही जातं. पानठेल्यावरचा जाणकार मात्र पडलेला मी अजून पाहिला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात असे जाणकार निदान अकरा आहेत आणि ४ जून २०२४ च्या संध्याकाळी अकराच्या अकरा बरोबर निघाले. त्यातले पाच जण आदल्या रात्रीपर्यंत एका बाजूचे होते, चार दुसऱ्या बाजूचे, आणि उरलेल्या दोघांना कोणती शिवसेना कोणाच्या बाजूला आहे हेच नक्की माहीत नव्हतं. तरी सगळे बरोबर. ही विद्या तुम्हालाही येऊ शकते. २०२९ ला वेळ आहे, सवडीनं शिका.

सुरुवात खर्‍यापासून करायची. मी स्वतः खात नाही, घरी चालत नाही; पण राजकीय विश्लेषणात खर्‍याचं महत्त्व मी मानतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून घेतला आणि गालात धरला की माणसाला उत्तर देण्याची सक्ती उरत नाही. कोणी विचारलं, "काय वाट्टे काकाजी, कोन येते?" तर मान अशी हलवायची की तिला हो पण म्हणता येऊ नये आणि नाही पण. मग उठून पिंक टाकायला जायचं. परत येईपर्यंत विषय कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणावर गेलेला असतो. अगदीच गळ्याशी आलं तर तीन शब्द पाठ ठेवा: "यंदा टाइट हाय." निवडून येणारा ऐंशी हजारांनी आला तरी हे वाक्य खोटं पडत नाही, कारण "टाइटच होतं, शेवटच्या दोन दिवसांत वारं फिरलं" अशी जोड देता येते. आणि मुंबई उत्तर पश्चिमसारखा निकाल ४८ मतांनी लागला तर मग काय, तुमची मिरवणूकच.

"अंडरकरंट" हा शब्दही वापरात ठेवा. करंट वरून दिसत नाही, म्हणून तो आहे की नाही हे तपासायला कोणी जात नाही. आमच्याकडे शेतातल्या मोटारीला करंट रात्री बारानंतर येतो तोही कोणाला दिसत नाही, पण तो आला की निदान मोटार तरी चालू होते.

आता खरा अवघड भाग, म्हणजे कोण कुठे आहे ते लक्षात ठेवणं. आमच्या वडिलांच्या काळी काम सोपं होतं: पंजा का कमळ. आता एका घरात दोन पक्ष नसतात, एका पक्षात दोन घरं असतात. आमच्या वर्ध्यात २०२४ ला यंत्रावर पंजा नव्हताच. जागा शरद पवारांच्या वाट्याला गेली आणि आर्वीचे काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन उभे राहिले. समोर भाजपचे रामदास तडस, दोनदा खासदार आणि त्याआधी आखाड्यातले पहिलवान. शेजारच्या रामटेकमध्ये काँग्रेसचे आमदार राजू पारवे शिंदेंच्या सेनेत जाऊन धनुष्यबाणावर लढले. काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज जातवैधतेच्या भानगडीत बाद झाला, तर त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले आणि निवडूनही आले. यवतमाळ-वाशीममध्ये मशाल आणि धनुष्यबाण एकमेकांवर, म्हणजे शिवसेनेनं शिवसेनेला पाडायचं. आणि अमरावतीत ३७ उमेदवार. एका यंत्रावर 'नोटा' धरून १६ बटणं मावतात, तेव्हा तिथल्या मतदारासमोर तीन यंत्रं रांगेत मांडली होती, लग्नात जेवणाची टेबलं मांडतात तशी.

अशा वेळी पक्षाचं नाव घेण्याची चूक करू नका. "राष्ट्रवादी येते" म्हटलं की लगेच कोणीतरी विचारणार, कोणती? "शिवसेना" म्हटलं तर दोन पोरं दोन बाजूंनी अंगावर येणार. चिन्हाचं नाव घेणं त्यातल्या त्यात बरं, पण त्यातही फसगत आहे. तुतारी वाजवणारा माणूस वेगळा आणि अपक्षांना मिळालेली नुसती तुतारी वेगळी. साताऱ्यात पडलेल्या उमेदवाराला जितकी मतं कमी पडली त्याहून जास्त मतं त्या दुसऱ्या, बिनमाणसाच्या तुतारीनं नेली. म्हणून अनुभवी जाणकार फक्त "आपला माणूस" म्हणतो. आपला माणूस पुढे आहे. आपल्या माणसाचं जमते. ऐकणारा आपापला माणूस त्यात बसवून घेतो आणि चहाचे पैसेही तोच देतो.

आमच्या आळीतल्या एका आजीनं मतदानाच्या दिवशी, २६ एप्रिलला, यंत्रासमोर इतका वेळ लावला की केंद्रावरचे मास्तर घाबरले. ती पंजा शोधत होती. पंचेचाळीस वर्षांची सवय. शेवटी तिनं काय दाबलं हे तिला आणि त्या सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीलाच ठाऊक. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "हात नाही दिसला बाप्पा, मंग म्या मानूस पाहून देल्लं." या वाक्यावर आमच्या पानठेल्यावर तीन दिवस विश्लेषण चाललं. माणूस म्हणजे काळे, की तुतारीवाला माणूस, की पहिलवान? कोणी आजीला जाऊन विचारलं नाही. मतदाराला विचारणं हे विश्लेषकाला शोभत नाही.

जातीचं गणित मात्र पाठ हवं. वहीत लिहून ठेवू नका, सापडली तर पंचाईत होते, डोक्यात ठेवा. कुणबी इतके, तेली इतके, बौद्ध इतके, मुस्लिम, आदिवासी, आणि उरलेल्यांना "बाकी किरकोळ". या किरकोळात तुमची स्वतःची जात येत असेल तर थोडी फुगवून सांगा. २०२४ ला विदर्भात दलित, मुस्लिम, कुणबी यांच्या एकीला 'डीएमके' म्हणायची फॅशन आली होती. आमच्या अकरातले एक जण निकालाच्या दिवशी टीव्हीवर 'डीएमके २२' असं पाहून टाळ्या पिटत उभे राहिले. विदर्भात जागा दहा, तिथे बावीस कशा आल्या, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तामिळनाडूत त्या नावाचा पक्ष आहे हे सांगणाऱ्या पोराला त्यांनी "तू गप बस बे" म्हणून बसवलं. हाही एक धडा आहे: आकडा आपल्या बाजूचा असेल तर तो कुठून आला ते पाहू नये.

एक्झिट पोलची संध्याकाळ, १ जूनची, ही नवशिक्यांसाठी धोक्याची. त्या दिवशी जवळपास सगळ्या वाहिन्या साडेतीनशेच्या वर नेत होत्या आणि 'चारशे पार'वाल्यांनी गुलालाची पोती आणली होती. तीन दिवसांनी भाजप २४० वर थांबला, सगळी आघाडी मिळून २९३ झाली आणि एक नावाजलेले आकडेवाले पडद्यावरच रडले. आमच्यापैकी कोणी रडलं नाही. कारण १ जूनला आमच्यातल्या प्रत्येकानं दोन वाक्यं सोडून ठेवली होती. "येतेच म्हना" हे मोठ्यानं, आणि "पन पाहू" हे हळू. ४ जूनला दोन्हींपैकी जे लागू पडलं ते मोठ्यानं म्हटलं होतं असं समजायचं.

निकालाच्या दिवशी सकाळी आठला टपालाची मतं निघतात. तेव्हापासून ठेल्यावर जागा धरून बसा, कारण नंतर टीव्ही दिसत नाही आणि न दिसता बोलणं हे शहरातल्यांना जमतं, आपल्याला नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत तोंड उघडू नका. चौथ्या फेरीला "आता आर्वीची पेटी हाय, पाहा" असं म्हणा. पेटी जाऊन यंत्र आलं त्याला कितीतरी वर्षं झाली, पण "आर्वीचं यंत्र हाय" म्हटल्यानं तो जोर येत नाही. दुपारी वर्धा तुतारीकडे गेलं. विदर्भातल्या दहापैकी महायुतीच्या हाती नागपूर, अकोला आणि बुलढाणा एवढंच राहिलं आणि ठेल्यावर पहिल्यांदा ते वाक्य ऐकू आलं, ज्यासाठी माणूस पाच वर्षं जगतो: "म्या मनलं होतं."

त्यानंतर सरकार बनवायचं काम आमच्याकडे आलं. ४ जूनपासून ९ तारखेच्या शपथविधीपर्यंत देशाचा कारभार पानठेल्यावरूनच चालला. आमचे एक काकाजी लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडणी करत होते. चुन्याचं बोट पत्रिकेला लागून वधूपित्याचं नाव पांढरं झालं होतं. २४० भाजप. त्यात चंद्राबाबूंचे १६ आणि नितीशकुमारांचे १२. झाले २६८. हवे २७२. काकाजींनी पेन्सिल कानाला लावली, ठेल्याच्या छताकडे पाहिलं, आणि मग शिंदेंचे ७ मांडले. २७५. "आता पाय," ते म्हणाले, "या सातातला एक बुलढाण्याचा. म्हंजे दिल्लीचं सरकार कायवर टिकलं? बुलढाण्यावर. अन् बुलढाण्यात मायी मेहुनी रायते." त्या दिवसापासून त्या मेहुणीकडे गावात जरा आदरानं पाहिलं जातं. बुलढाण्यात रविकांत तुपकर अपक्ष उभे राहून जवळपास अडीच लाख मतं घेऊन तिसरे आले, ते सोयाबीन-कापसाच्या भावासाठी मोर्चे काढणारे. पण ते पत्रिकेवर मावलं नाही.

एखादा कॉलेजचा पोरगा मोबाइलमधून आकडे काढून तुम्हाला अडवू लागला तर इतिहास काढा. "नरसिंह राव रामटेकमधून दोनदा खासदार होते, तुले माहीत हाय काय?" तो गप्प होतो. त्यानंही गप्प नाही झाला तर १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक काढा, जिथे खुद्द बाबासाहेब आंबेडकर हरले. यापुढे विदर्भाच्या मतदाराबद्दल बोलायला पोराला काही राहत नाही, आणि खरं म्हणजे तुम्हालाही राहत नाही, पण ते त्याच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात कठीण परीक्षा पुढे आहे. लोकसभेनंतर साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल लागला आणि वर्धा जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपकडे गेल्या. आर्वीसुद्धा, जिथे खासदारांच्या पत्नीच उभ्या होत्या. जूनमध्ये ज्यांनी "शेतकऱ्याची नाराजी" हे कारण शोधून काढलं होतं, त्यांनी नोव्हेंबरात त्याच स्टुलावर बसून, तोच खर्रा उजव्या गालातून डाव्यात नेत, "लाडकी बहीण" हे कारण शोधून काढलं. पंधराशे रुपये महिना. नाराजी कुठे गेली असं कोणी विचारलं तर, "ते लोकसभेचं होतं." मला हे उत्तर फार आवडलं. मतदार एकच, शेत तेच, भाव तोच, पण नाराजी लोकसभेची.

एक पथ्य मात्र कडक पाळा. चर्चा रंगात आली असताना कोणी सोयाबीनचा भाव विचारला तर लगेच उठा. २०२३-२४ च्या हंगामाचा हमीभाव ४,६०० होता आणि बाजारात त्याच्या खाली चाललं होतं, हे ठेल्यावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. हा एकच आकडा आहे ज्यावर अकराही जणांचं एकमत होतं आणि म्हणून त्यावर चर्चा होऊ शकत नाही. ४ जूनला सेन्सेक्स चार हजारांवर अंकांनी कोसळला तेव्हा आम्ही तासभर हळहळलो, आमच्यातल्या कोणाकडे एकही शेअर नसताना.

मीही या विद्येत थोडा तयार झालो होतो. २०२४ च्याच जूनमध्ये मृग लागायला एक दिवस होता, तालुक्याच्या गावी कृषी केंद्रासमोर बियाण्यासाठी रांग होती, आणि पुढे आमच्या आळीतली तीच आजी उभी. म्हटलं, संधी आहे. विचारलं, "आजी, मानूस पाहून देल्लं म्हणे. कोनता मानूस?" तिनं डावा हात वर केला. तर्जनीच्या कातडीवरची शाई कधीच निंदणात गेली होती. नखावर अर्धा जांभळा डाग राहिला होता, वर सरकलेला, आणि त्याच्या मागून कोरं नख आलं होतं. "आता हे कापाले आलं," ती म्हणाली, आणि पुढे सरकली.

खतासाठी यंत्रावर बोट लावायचं असतं. तिचं बोट यंत्र घेईना. दुकानातल्या पोरानं पुसायला लावलं, तिनं पदराला पुसलं, पुन्हा ठेवलं. नाही. मग अंगठा. मग दुसरा हात. रांगेतले लोक चुळबुळ करू लागले. चौथ्या बोटाला यंत्रानं एकदाचं टूं केलं तेव्हा तिनं विचारलं, "डीएपी हाय न?"

पोरानं गालातला खर्रा एका बाजूला सारला आणि गोदामाकडे न पाहताच म्हणाला, "यंदा टाइट हाय."