एक तारा राहू द्या, त्या मुलीचा फोटो तेवढा काढून टाका

नमस्कार सर,

आमच्या दुकानाबद्दल तुम्ही इथं ऑनलाइन लिहिलेलं वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्याकडं कामाला असलेली एक मुलगी सकाळी साडेअकराच्या सुमाराला तुमच्या अपार्टमेंटमध्ये वॉटर प्युरिफायरची माहिती द्यायला आली होती. तुमच्या आईंनी दार उघडलं, "नको" म्हणाल्या आणि ती गेली. संध्याकाळी तुम्ही दारावरच्या कॅमेऱ्यात हे बघितलंत आणि एक तारा देऊन लिहिलंत की, दुकान असताना दारोदार भीक मागत फिरायचं कारण काय; हे लोक विक्रीच्या नावाखाली घरं हेरून जातात; म्हाताऱ्या माणसांना एकटं गाठून माल गळ्यात मारतात. खाली तिचा फोटो आणि त्यावर "सावधान". तोच फोटो तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तिथनं पुढं सरकला आणि तिच्या गावात तिच्या चुलत्यांच्या मोबाईलवर जाऊन पोचला.

एक तारा द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो काढा असं मी म्हणणार नाही. पण फोटोबद्दल मला बोलायचंय, आणि त्यासाठी आधी तुमच्या बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देतो.

घराचा उंबरा घरमालकाचा, यात वाद नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम काढले. विक्रेत्यांचं जाळं उभं करून माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी ते आहेत. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये, गेल्यावर आपण कोण, कुणाकडून आलो, कशासाठी आलो हे आधी सांगावं, असं त्यात लिहिलंय. आमचं कायमचं दुकान आहे, मुलं-मुली पगारावर आहेत, त्यामुळं आमचा धंदा त्या प्रकारात बसत नाही. तरीही त्यातलं जे योग्य वाटलं ते आम्ही उचललं. तुमच्या अपार्टमेंटमध्ये येण्याआधी सेक्रेटरींना फोन करून विचारलं होतं. वॉचमनच्या वहीत त्या मुलीचं नाव, वेळ आणि दुकानाचा नंबर तिच्याच अक्षरात आहे. वही एकदा बघा. घरं हेरायला येणारा माणूस वहीत सही करून आणि गळ्यात दुकानाचं कार्ड अडकवून येत नाही.

संशय मात्र उगाच येत नाही, हे मलाही मान्य आहे. दागिने, भांडी उजळून देतो म्हणून येणारे लोक सोनं रसायनात बुडवतात, त्यात सोनं विरघळतं आणि हातात येतो तो हलका झालेला दागिना. गॅसची तपासणी करायला आलोय म्हणून रबरी नळी आणि शेगडीचे सुटे भाग अव्वाच्या सव्वा किमतीला लावणारे असतात. आमच्या धंद्यातही असले आहेत, आणि त्यांची एक युक्ती इथं उघड सांगतो, कारण आजही त्यात माणसं फसतात.

विक्रेता तुमच्याच नळाचं पाणी एका पेल्यात घेतो, दुसऱ्यात आरओचं, म्हणजे दाबानं बारीक पडद्यातनं गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राचं पाणी. चार सळ्यांचं एक छोटं यंत्र दोन्ही पेल्यांत बुडवून बटण दाबतो. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी, मग काळपट हिरवं होतं, वर फेस येतो. आरओचं पाणी जसंच्या तसं. "बघा काकी, हे पिताय तुम्ही!" काकी घाबरतात आणि चेक लिहितात. आता यात होतं काय, तर प्रत्येक पेल्यात उतरणाऱ्या दोन सळ्यांतली एक लोखंडाची असते. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तो काळा गाळ सळईचा असतो, तुमच्या पाण्यातला नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. खात्री करायची असेल तर त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि पुन्हा बटण दाबायला लावा. तेही काळं होतं. आमच्या पोरांना हे यंत्र बाळगायला सक्त मनाई आहे.

दुसरी गोष्ट टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घटकांच्या प्रमाणाची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या घटकांची योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम दिली आहे. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओवर बंदी आणायला पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, कारण आरओ पाणी वाया घालवतो आणि उपयोगाचे क्षारही काढून टाकतो. आपल्याकडं नळाला येतं ते नदीचं आणि धरणाचं पाणी. ते या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतं. त्याला आरओची गरजच नाही, जंतूंचा बंदोबस्त करणारा साधा यूव्ही (अतिनील किरणांचा) किंवा यूएफ (बारीक गाळणीचा) फिल्टर पुरतो. बोअरचं पाणी पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आता हे दुकानात बसून मला कसं कळणार? गिऱ्हाईक दुकानात येतं ते जाहिरात बघून, "आरओच द्या" म्हणत. त्याच्या घरी कुठलं पाणी येतं, टाकी कधी धुतली, नळ आणि बोअर एकाच टाकीत सोडलंय का, हे दारात गेल्याशिवाय दिसत नाही. आमची मुलगी तुमच्या आईंकडं पेलाभर पाणी मागत होती ते यासाठी. तिच्या हातात टीडीएस मीटर होतं, कॅमेऱ्यात दिसत असेल.

भीक मागणं म्हणालात, त्याचं मला फार वाईट वाटलं. कोल्हापुरात दारावर येणाऱ्या माणसांवर कितीतरी घरं चाललीत. घोंगडीवाले, सोलापुरी चादरी खांद्यावर टाकून येणारे, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी, करवीर-पन्हाळ्याच्या गावांतनं पाटी डोक्यावर घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या. व्हॅक्युम क्लीनर आणि पाण्याचं यंत्र भारतातल्या मध्यमवर्गीय घरात शिरलं ते १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या टाय लावलेल्या विक्रेत्यांमुळं, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर यंत्र चालवून दाखवत. यातलं कुणीच भीक मागत नव्हतं. आणि २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, तेव्हा ज्या दारांतनं आम्हाला एरवी हात हलवत परत पाठवलं होतं, त्याच दारांतनं फोन आले. फिल्टर उघडून धुवायला हीच पोरं चिखलातनं गेली. त्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

लोक दारात कसं वागतात, हे आम्ही रोज बघतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत अजून दार उघडं असतं. कट्ट्यावरची आजी आधी "कुणाची गं तू? गाव कंचं?" विचारते, चहा पाजते, अर्धा तास बोलते आणि काही घेत नाही. ताराबाई पार्कात आणि नागाळा पार्कात गेटवरच्या इंटरकॉमवरून "साहेब नाहीत" एवढंच येतं. अपार्टमेंटमध्ये दाराच्या भिंगातनं कुणीतरी बघतंय हे कळतं, पण दार उघडत नाही. निवृत्त मास्तर असले की उलट आमचीच परीक्षा घेतात. यातल्या कुणावर माझा राग नाही. घरात एकटी असलेली बाई साखळी लावूनच बोलणार, तिनं तसंच बोलावं.

म्हणून आमच्याकडं नवीन पोरं आली की त्यांना यंत्राच्या आधी दार शिकवतो. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागं सरकायचं, म्हणजे भिंगातनं अख्खा माणूस दिसतो. "घरात कुणी पुरुषमाणूस नाही" असं ऐकलं की "कधी येतील?" हे चुकूनही विचारायचं नाही, कारण चोर हेच विचारेल. दारावर खडूची खूण नाही, स्टिकर नाही. उंबऱ्याच्या आत पाय नाही, बोलावलं तरी पहिल्या भेटीत नाही. दुपारी एक ते चार कुणाचंही दार वाजवायचं नाही. बाहेर चपलांचा ढीग असला आणि आतनं आवाज येत नसला, तर काहीतरी दुःखाचं आहे असं समजून तसंच परत फिरायचं. घरी फक्त वयस्कर माणूस असेल तर ऑर्डर घ्यायची नाही, पत्रक ठेवून यायचं आणि मुला-सुनेशी बोलल्यावरच पुढचं बघायचं. दारात रोख पैसे घ्यायला तर पूर्ण बंदी. तुमच्या आईंच्या गळ्यात कुणी काही मारलं नाही, मारणारही नव्हतं.

आणि पगार ठरलेला आहे, विक्री होवो न होवो. ज्याची चूल फक्त कमिशनवर पेटते त्याला "नको" ऐकून घेणं परवडत नाही, मग तो दारात पाय अडकवतो, खोटं बोलतो, रडतो. दारावर येणाऱ्या विक्रेत्याचा जो त्रास लोकांना होतो, त्याचं मूळ बऱ्याचदा त्याला पाठवणाऱ्या मालकाच्या या हिशेबात असतं. लोकांनी जाब विचारायचा तर मालकाला विचारावा. तुम्ही मला एक तारा दिलात, ते त्यामुळंच मला योग्य वाटतं. दारातल्या पोरीला फोटोसकट गावात फिरवलंत, ते नाही.

ती मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळच्या वेळात काम करते, दुपारी कॉलेज. फोटो गावात पोचल्यावर घरचे म्हणाले, हे काम बंद. चुलते मला फोनवर म्हणाले, "पोरगीच्या नावापुढं 'सावधान' लिवलंय, लग्नाचं वय हाय." त्यांना मी काय समजावणार? तिच्या हातनं काहीही गैर झालेलं नाही, आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की नको म्हटल्यावर ती गेली.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडावं लागलं. त्यातल्या कित्येक जमाती पोटासाठी दारोदार फिरणाऱ्या होत्या. आपल्या कोल्हापुरात मात्र त्याच्या कितीतरी आधी शाहू महाराजांनी चोर म्हणून शिक्का बसलेल्या फासेपारध्यांना राहायला जागा दिली, काम दिलं आणि पहाऱ्याला नेमलं. हेरणाऱ्यांची जात म्हणून ज्यांच्याकडं बोट दाखवलं जायचं, त्यांच्याच हाती राखण दिली. त्या गावात राहून आपण एका पोरीला नुसतं दारात उभं राहण्यावरून चोर ठरवावं, हे मला पटत नाही, आणि ते मी सगळ्यांसमोर सांगतोय कारण फोटोही सगळ्यांसमोर आहे.

तुमचा फ्लॅट आम्ही आमच्या वहीत "दार वाजवू नये" म्हणून नोंदवला आहे. अपार्टमेंटमध्ये अजून कुणाची तशी इच्छा असेल तर दुकानात कळवावं, त्यांचंही नाव लिहून घेऊ. तुमच्या सोसायटीने ठराव केला की विक्रेते नकोत, तर आमचं कुणीही गेटच्या आत येणार नाही.

आता विनंती. इथला फोटो काढा. सोसायटीच्या ग्रुपवरचाही काढा आणि त्याच ग्रुपवर एक ओळ लिहा की ही मुलगी आमच्या दुकानात नोकरीला आहे, सेक्रेटरींची परवानगी घेऊन आली होती आणि तिच्याबद्दल संशय घेण्यासारखं काही घडलेलं नाही. खातरजमा करायची असेल तर सेक्रेटरींना विचारा, वॉचमनची वही बघा, किंवा दुकानात या, तिचं नेमणुकीचं पत्र दाखवतो. ती ओळ लिहिलीत की मला कळवा. रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे, तिच्या आईवडिलांना आणि चुलत्यांना ती दाखवायची आहे.

दुकानमालक
राजारामपुरी, कोल्हापूर