तह कुणाच्या सोयीने?

सुहासचं म्हणणं, दोन्ही बाजू लढून थकल्या की तह होतो. ‘निवडणुका तुम्ही उगाच मध्ये आणता.’

म्हटलं, १९६८ घे. अमेरिका दक्षिण व्हिएतनामच्या बाजूने कम्युनिस्ट उत्तरेशी लढत होती. उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवल्याचं अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केलं ३१ ऑक्टोबरला. अमेरिकेत मतदान ५ नोव्हेंबरला.

‘म्हणजे आपल्या पक्षाच्या उमेदवाराला, हम्फ्रीला निवडून आणायला केलं,’ नंदू म्हणाला.

तोही हिशेब असणारच. पण समोरच्यांनी काय केलं? विरोधी उमेदवार निक्सनच्या गोटातली ॲना शेनॉल्ट दक्षिण व्हिएतनामच्या राजदूताला निरोप देत होती, की थांबा, आम्हीच जिंकणार. २२ ऑक्टोबरच्या रात्री निक्सनचा फोन आला, तेव्हा त्याचा सहायक हाल्डमन याने हाताने केलेलं टिपण आज वाचायला मिळतं. शेनॉल्टचं काम चालू ठेवा, आणि बोलण्यांत खोडा घालायला आणखी काय करता येईल ते बघा! २ नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतून, सायगावमधून अध्यक्ष थिउने सांगून टाकलं, पॅरिसला बोलण्यांसाठी येणार नाही. निक्सन जिंकला तो पाचेक लाख मतांनी.

‘थिउ तसाही गेला नसता रे,’ सुहास म्हणाला. ‘दक्षिणेतल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या, व्हिएतकाँगच्या समोर बसला असता तर घरात त्याची खुर्ची राहिली असती का?’

हे खरंय, इतिहासकारही यावर अजून भांडतात. पण थिउ गेला असता की नसता, पोरं मरत असताना बोलणी लांबवायला फोन फिरवले गेले, याची मला चीड येते. निक्सनच्या काळात आणखी वीस हजारांवर अमेरिकन सैनिक गेले. व्हिएतनामी तर त्याच्या कितीतरी पट.

‘पण करार शेवटी निक्सननेच केला ना?’ सुहास म्हणाला.

केला की. कधी, तेही बघ. १९७२च्या ऑगस्टमधली व्हाइट हाउसची टेप आहे. निक्सनचा सल्लागार किसिंजर त्याला सांगतोय, वर्ष-दोन वर्षं टिकेल असं काहीतरी जुळवू. ऑक्टोबरमध्ये मिटवलं तर जानेवारी ७४ पर्यंत कुणाला त्याचं सोयरसुतक उरणार नाही. २६ ऑक्टोबरला किसिंजरने पत्रकारांना सांगितलं, शांतता हाताशी आलीय. ७ नोव्हेंबरला निक्सन प्रचंड मतांनी आला, डिसेंबरात उत्तरेच्या राजधानीवर, हनोईवर पुन्हा बॉम्ब पडले आणि सही झाली २७ जानेवारी १९७३ला.

‘मतदार युद्धाला कंटाळले होते म्हणूनच ना? म्हणजे थकल्यावरच तह झाला,’ सुहास काही मागे हटेना.

कंटाळले होतेच. म्हणून तर त्यांना शांतता दाखवली. ती किती दिवसांची, हे मात्र टेपमध्येच राहिलं. सायगाव उत्तरेच्या हाती पडलं ३० एप्रिल १९७५ला.