कुलवृत्तांत असताना ऑनलाइन वंशवृक्ष कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या मोफत संकेतस्थळावर घराण्याचा शोध कसा घ्यावा या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: आपल्याकडे कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळीची छापील पुस्तके) आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असताना या संकेतस्थळांची गरज नाही, तिथे कोणीही काहीही लिहितो आणि शेवटी जो तो स्वतःला एखाद्या सरदार घराण्याला जोडून घेतो, आणि आपल्या पूर्वजांची नावे एका परदेशी चर्चच्या हवाली करायला सांगणे हा बेजबाबदारपणा आहे. शेवटी आपण विचारलेत की यासाठी वर्गणी भरणे योग्य आहे का.

आधी वह्यांविषयी. त्यांच्याबद्दल मलाही आपल्याइतकाच आदर आहे. गाव आणि आडनाव सांगितले की गुरुजी बाड काढतात आणि त्यात यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख निघतो: स्वतःचे नाव, वडील, आजोबा, चुलते, भाऊ, मुलगे, मूळ गाव, हल्ली वस्ती आणि खाली सही. याच्या तोडीचा पुरावा कुठलेही संकेतस्थळ देऊ शकणार नाही. कुलवृत्तांतांचेही तसेच. प्रवास स्वस्त नसताना संपादकांनी गावोगाव पत्रे पाठवून, माणसे भेटून ती पुस्तके उभी केली.

पण 'आपल्याकडे कुलवृत्तांत आहेत' या वाक्यातले 'आपण' कोण? छापील कुलवृत्तांत प्रामुख्याने चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ, सारस्वत, सीकेपी अशा घराण्यांचे आणि काही मराठा घराण्यांचे आहेत. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कुटुंबांचा असा ग्रंथ कधी निघालाच नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी अनेक जातींच्या वंशावळी सांगत फिरतात, काही घराण्यांचे भाट आहेत. बाकीच्यांचा आधार म्हणजे सरकारी दप्तर: जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, मराठवाड्यात खासरा पत्रक. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत अशा जुन्या नोंदी धुंडाळून स्कॅन केल्या गेल्या आणि अनेक घरांनी आपल्या खापरपणजोबांचे नाव पहिल्यांदा कागदावर पाहिले, तेही मोडी लिपीत. हे सुटे कागद एका धाग्यात ओवायला काही तरी चौकट लागते. ती चौकट मी ऑनलाइन वंशवृक्षात शोधते.

दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजोबांना सात ओळी मिळाल्या आहेत. शिक्षण, नोकरी, बदलीची गावे, बांधलेली विहीर, सगळे आहे. पणजीला मिळाला एक शब्द: भार्या, आणि पुढे सासरी ठेवलेले नाव. माहेरचे आडनाव नाही, गाव नाही. त्याखाली 'कन्या तीन'. त्यांची नावेसुद्धा नाहीत. त्या तीन मुलींतली एक माझी आजी.

कुलवृत्तांताची मांडणीच अशी की लग्न होऊन गेलेली लेक पानावरून नाहीशी होते आणि लग्न होऊन आलेली सून कुठून आली ते कळत नाही. वहीत आईचे, बायकोचे नाव कधी कधी सापडते, लेकींचे फार क्वचित. ऑनलाइन वंशवृक्षात प्रत्येक माणसाला स्वतःचे पान असते. बाईच्या पानाला तिचे आईवडील जोडता येतात आणि नवरा-मुलेही. जन्मनाव, लग्नानंतरचे नाव आणि घरातले हाकेचे नाव अशी तिन्ही शेजारी नोंदवता येतात. आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलायचे, त्यामुळे ही सोय नसेल तर एकाच बाईच्या दोन वेगळ्या नोंदी होतात.

आजीचे माहेरचे नाव मला तिच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात मिळाले. निळ्या-काळ्या शाईतली एक आडवी ओळ. वडिलांचे नाव, धर्म व जात, जन्मस्थान, दाखल झाल्याची तारीख, आणि 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात 'लग्न झाले'. चौथीत होती ती. मुख्याध्यापिकांच्या परवानगीने त्या पानाचा फोटो काढला आणि आजीच्या पानाला पुरावा म्हणून जोडला. पुढे बडोद्याच्या एका बाईंनी त्याच वंशवृक्षात पणजीच्या पानावर आपल्या पणजीला बहीण म्हणून जोडले आणि सोबत त्यांच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिकेचा फोटो दिला. त्यात पणजीच्या वडिलांचे नाव होते आणि माहेरचे गावही. आमची आडनावे वेगळी, कुलवृत्तांत वेगळे, कुलदैवतेही वेगळी. आम्ही दोघी वेगवेगळ्या बाडांत कितीही वर्षे शोधत राहिलो असतो तरी एकमेकींना सापडलो नसतो.

आता 'कोणीही काहीही लिहितो' हा आक्षेप. तो खरा आहे, आणि नवख्याने धडपडण्याची जागा तीच. फॅमिलीसर्चचा वंशवृक्ष सामाईक आहे: मृत व्यक्तीचे पान कोणताही सदस्य बदलू शकतो. 'गेनी' या दुसऱ्या संकेतस्थळाचेही तत्त्व साधारण तेच. मात्र कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते, जुनी माहिती परत आणता येते आणि बदलाचे कारण लिहायला जागा असते. ते कारण लिहिलेले नसेल, पुरावा जोडलेला नसेल, तर ती पिढी मी आपल्या वंशवृक्षात घेत नाही, मग वर कितीही मोठ्या सरदाराचे नाव असो.

सरदारांपेक्षा मोठा घोळ आपल्या नाव ठेवण्याच्या रीतीने होतो. आजोबांचे नाव नातवाला. म्हणजे रामचंद्र गणेश, त्याचा मुलगा गणेश रामचंद्र, त्याचा मुलगा पुन्हा रामचंद्र गणेश. गाव एक, आडनाव एक. संकेतस्थळ 'ही एकच व्यक्ती असावी' असे सुचवते आणि कोणी तरी उत्साहाने आजोबा आणि नातू एक करून टाकतो. अशा ठिकाणी भावंडांची आणि बायकोची नावे जुळतात का ते पाहिल्याशिवाय विलीनीकरणाचे बटण दाबू नये. जन्मतारखेवर विसंबून तर मुळीच नाही: शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहून घेतलेल्यांनी अर्धा महाराष्ट्र भरला आहे. घरी जन्मपत्रिका असेल तर तिच्यातला शक घ्यावा, त्यात 78 मिळवावेत (1 जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतचा जन्म असेल तर 79), आणि मूळ तिथी टिपणात जशीच्या तशी लिहावी. जुन्या महसुली कागदांतला फसली सन असेल तर 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो.

गावाचेही तसेच. मालवण-वेंगुर्ल्याचा कागद 1981 पूर्वीचा असेल तर तो रत्नागिरी जिल्ह्याचा, कारण सिंधुदुर्ग तेव्हा नव्हता. रायगड तेव्हा कुलाबा, जालना औरंगाबादेत, लातूर 1982 पर्यंत उस्मानाबादेत. इंग्रजी कागदांत तर ठाण्याचे 'टाना' आणि पुण्याचे 'पूना' झालेले. शोधाच्या चौकटीत आजचा जिल्हा टाकून 'आमचे काहीच नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

चर्चबद्दलचा आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते. फॅमिलीसर्च ही सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चची संस्था आहे, तिची मूळ संस्था 1894 ची. त्यांच्या श्रद्धेनुसार मृत पूर्वजांसाठी प्रतिनिधीमार्फत धर्मविधी करता येतात, म्हणूनच जगभरचे अभिलेख त्यांनी सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) घेतले. ज्यू संघटनांनी नाझी छळात मारल्या गेलेल्यांच्या नावांबाबत याला हरकत घेतली आणि 1995 मध्ये असे विधी थांबवण्याचा करारही झाला. हे वाचकाला माहीत असायलाच हवे. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी तिथे एकही नाव घालू नये. अभिलेखांची बरीच चित्रे पाहायला फक्त मोफत खाते लागते, वंशवृक्ष भरावा लागत नाही. हरिद्वार आणि कुरुक्षेत्र इथल्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रेही तिथे आहेत. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूरसाठी मात्र गुरुजींच्या ओसरीवरच बसावे लागते.

स्वतःचा वंशवृक्ष घरच्या संगणकावरच ठेवायचा असेल तर 'ग्रॅम्प्स' ही मोफत प्रणाली आहे. देवनागरी चालते, काहीही बाहेर जात नाही. कुठेही ठेवा, हयात माणसांची माहिती उघड करू नका. फॅमिलीसर्चवर हयात व्यक्तीचे पान सर्वांना दिसत नाही, पण सगळीकडे तसे नसते, आणि आईचे माहेरचे आडनाव अजूनही काही ठिकाणी सुरक्षेचा प्रश्न म्हणून विचारतात. वंश शोधण्यासाठीच्या लाळेच्या डीएनए चाचणीच्या भानगडीत पडूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशी चाचणी करणाऱ्या 23अँडमी या कंपनीकडून 2023 मध्ये सुमारे 69 लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि 2025 च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही, आणि तो आपल्या एकट्याचा नसून भावंडांचा, मुलांचाही असतो.

राहता राहिला वर्गणीचा प्रश्न. महाराष्ट्रातच पिढ्या गेलेल्या हिंदू कुटुंबाने सुरुवातीला कुठेही पैसे भरू नयेत. अँसेस्ट्री किंवा मायहेरिटेज या वर्गणीच्या संकेतस्थळांवर त्यांच्या कामाचे मूळ कागद जवळजवळ नाहीत. मराठी ख्रिस्ती घराण्याला मात्र मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-विवाह-दफन नोंदींचा उपयोग होऊ शकतो. ब्रिटिश लायब्ररीतल्या या नोंदी फाइंडमायपास्ट या वर्गणीच्या संकेतस्थळावर आहेत, आणि वर्गणी भरण्याआधी 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'ची मोफत सूची चाळून घ्यावी. पूर्वज गिरमिटिया (करारबद्ध मजूर) म्हणून मॉरिशसला गेला असेल तर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेला लिहावे. तिथल्या आगमन नोंदवह्यांत माणसाचा क्रमांक, बापाचे नाव, गाव आणि जहाज सापडू शकते.

आपल्याकडे कुलवृत्तांताची प्रत आहे असे आपण लिहिले आहे. त्यातल्या एका पिढीच्या 'कन्या' या नोंदीखाली काय छापले आहे ते कळवाल का? मुलींची सासरची आडनावे असतील तर पुढचा शोध कुठून सुरू करायचा ते मी इथेच लिहीन.